साबणाचा एक थेंब

"जंतूंचे दिवस भरले!" संचालकांनी जाहीर केलं आणि लागोपाठ तीन वेळा शिंकले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोषणेला की शिंकांना, हे कोणी स्पष्ट केलं नाही.

तज्ज्ञांची समिती अकराला यायची होती. ती बघणार होती 'दोनशे सतरा' हे नवं औषध. जंतू आपल्याभोवती भिंत बांधतो. ती बांधणारा गवंडी म्हणजे एक एन्झाइम. दोनशे सतरा त्या गवंड्याच्या मुठीत जाऊन बसायचं, मूठ अडकायची, बांधकाम बंद. निदान काचेच्या नळीत तरी. जिवंत जंतूंनी अजून त्याची दखल घेतली नव्हती. अहवालात याला 'पुढचा टप्पा' म्हटलं होतं.

दोनशे सतरा घडवणाऱ्या बाई बारा वर्षं हंगामी होत्या. कायम नेमणुकीचं पत्र संचालकांच्या खणात तयार होतं. सही समितीच्या शेऱ्यासाठी अडली होती. घरी आईने सही झाली असं धरून नातेवाइकांना कळवूनही टाकलं होतं. "आता काही घोळ घालू नकोस गं बाई, तुझ्या आत्याला मी काय तोंड दाखवू?"

समितीने आधी दहा प्रश्न पाठवले होते. नऊ उत्तरं लिहून झाली होती. उरला होता एकच: साबण घालून चाचणी केली का?

प्रश्न साधा होता. काही रसायनं गवंड्याच्या मुठीत बसतच नाहीत. त्यांचे नुसते गोळे होतात आणि दिसेल त्याला चिकटतात. काम थांबतं, पण चेंगराचेंगरीनं. साबणाचा थेंब पडला की गोळा फुटतो आणि गवंडी पुन्हा थापी उचलतो. खऱ्या औषधाचं साबणाने काही बिघडत नाही. खात्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तीन वर्षं तिथे कोणी साबणाचं नाव काढलं नव्हतं.

"लिहा 'हो'," संचालक काल म्हणाले होते.

"पण सर, चाचणी केलेलीच नाही."

"मी लिहायला सांगितलंय. करायला कुठे सांगितलंय?"

'हो' लिहावं तर खोटं. 'नाही' लिहावं तर समिती म्हणणार, मग आमच्यासमोर करा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर बाईंनी कूस बदलून पाहिली. दोन्ही कुशींवर तोच प्रश्न होता.

टाळ्या संपल्या तशा बाईंनी प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी दोन नळ्या घेतल्या, दोन्हींत एन्झाइम आणि दोनशे सतरा. एक बिनसाबणाची, दुसरीत एक थेंब. एन्झाइम काम करू लागलं की पाणी पिवळं होतं. पहिली नळी स्वच्छ राहिली. दुसरी चार मिनिटांत पिवळीधमक. बाईंनी पुन्हा करून पाहिलं. पिवळी. तिसऱ्यांदा थेंब निम्मा केला. तरी पिवळी.

मग त्यांनी दहावं उत्तर लिहिलं: 'हो. नापास.' कागद आणि नळी घेऊन त्या संचालकांच्या खोलीत गेल्या. समिती शेजारच्या सभागृहात येऊन बसली होती. कपबशा वाजत होत्या.

"सर, साबण घातला. दोनशे सतरा गेलं."

संचालकांनी नळी उजेडात धरली. "किती मिनिटं लागली?"

"चार."

"मला साडेतीन लागली होती."

"तुम्हाला? कधी?"

"पहिली घोषणा केली ना, तिच्या दुसऱ्याच दिवशी," संचालक म्हणाले. "तुम्हाला 'हो' लिहायला सांगितलं, ते खोटं नव्हतं, बाई. पण चाचणी करेपर्यंत पेपरात माझा फोटो छापून आला होता. मग एका घोषणेला झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी. वाटायचं, आज कोणीतरी विचारेल. तीन वर्षं रोज वाटायचं. कोणी विचारलंच नाही हो."

सभागृहातून आवाज आला, "चला, सुरुवात करू या का?"

संचालक उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, कागद खिशात घातला आणि दारापर्यंत गेले. कडीवर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "पहिलं वाक्य तेवढं तुम्ही बोलता का?"