निळ्या खुर्चीतली वही

"हलू नकोस, डेसा."

"मी कुठे हलले? तूच ओढलंस."

तिच्या केसांतला लव्हेलचा हात थांबला. त्याने मान न वळवता कोपऱ्यातल्या निळ्या खुर्चीचा कानोसा घेतला. पेन चालूच होतं.

एक शनिवार सोडून दर शनिवारी दोन ते तीन, सरकारी कचेरीतल्या या खोलीत त्याला सात वर्षांची बहीण भेटे. एरवी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, सरकारने नेमून दिलेल्या एका बाईकडे राही. त्या बाईला लव्हेलने कधी पाहिलं नव्हतं. डेसा आता कायमची एकवीस वर्षांच्या भावाकडे येणार की नाही, हे गुरुवारी न्यायाधीश ठरवणार होते. आणि न्यायाधीश माणसं बघत नाहीत, कागद बघतात, एवढं लव्हेलला अकरा परक्या घरांत वाढून कळलं होतं.

एरवी त्या खुर्चीत हॉलिस नावाचे म्हातारे गृहस्थ बसत आणि भेटीत काय झालं ते न्यायाधीशांसाठी लिहीत. आज डेसाबरोबर एक गोरी बाई आली होती. दारातच ती म्हणाली, "मी..."

"ठाऊक आहे. तुमची खुर्ची ती," लव्हेल म्हणाला.

बाई जराशी घुटमळली. मग बसली, आणि थोड्या वेळाने तिने पिशवीतून वही काढली.

"बर्फामुळे गाडीवाले काका आलेच नाहीत," डेसा सांगू लागली, "म्हणून मग ही..."

"तिकडे बघायचं नाही. त्यांना त्यांचं काम करू दे. समोर बघ."

वही म्हणजे काय असते ते डेसाला अजून माहीत नव्हतं. लव्हेल नऊ वर्षांचा असताना, तिसऱ्या घरात, रागाच्या भरात त्याच्याकडून एक खुर्ची उलथली होती. त्याच आठवड्यात त्याच घरातल्या टॉबी नावाच्या गोऱ्या मुलाने खिडकीची काच फोडली. टॉबीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'आईच्या आठवणीने व्याकूळ'. लव्हेल काळा; त्याच्या कागदावर एकच शब्द, 'आक्रमक'. पुढच्या आठही घरांत तो शब्द त्याच्या आधी जाऊन बसलेला असे.

डेसाच्या डोक्यामागे केसांचा नुसता लगदा झाला होता. तो बघून त्याचं टाळकं सरकलं.

"तुझ्या त्या बाईच्या घरात कंगवा नाही का गं?"

डेसाने ओठ चावले. "होता. बारीक दातांचा. तुटला."

"तुटणारच! आपल्या दाट कुरळ्या केसांत तसला कंगवा घालायचा म्हणजे चमच्याने विहीर खणायची."

"पण ती पॅनकेक मस्त करते."

"मग काय पॅनकेक थापायचे डोक्यावर?"

डेसा फिसकन हसली. निळ्या खुर्चीतलं पेन थांबलं.

झालं, गुरुवार हातचा गेला, लव्हेलच्या मनात आलं. जीभ आवरत नाही म्हणून मिस अर्नेस्टीन त्याला नेहमी टोकायची. सातव्या घराच्या शेजारी तिचं केस विंचरण्याचं दुकान होतं. तिथेच तो वेण्या घालायला शिकला होता.

आता तो मवाळ आवाजात, एकेक शब्द तोलून बोलू लागला. "हे बघ, बाळा. आधी पाणी. मग तेल. शेंड्यापासून सुरुवात करायची आणि हळूहळू वर जायचं. मुळाशी बोटांनी धरून ठेवायचं, म्हणजे डोकं दुखत नाही."

पेन सरसर धावू लागलं. बाई पुढे झुकली.

"मुळाशी कसं धरायचं म्हणालात?"

म्हणजे आपण केस ओढले, हे आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं आहे तर! लव्हेलने मुकाट्याने बोटं धरून दाखवली.

"मला तहान लागली," डेसा म्हणाली. त्याने तिच्यासाठी आणलेली संत्र्याच्या रसाची बाटली पुढे केली.

"संत्र्याने तिच्या अंगावर पुरळ येतं," बाई हळूच म्हणाली आणि पिशवीतून सफरचंदाचा रस काढून दिला.

लव्हेलची कानशिलं तापली. माझ्या बहिणीला काय चालतं, काय चालत नाही, तेही यांच्या फायलीत. माझ्याजवळ काय, तर महिन्याचे दोन तास.

त्याने डोक्याचे चार भाग केले. पहिली वेणी टाळूला चिकटून सरळ मानेपर्यंत गेली. मग दुसरी. तिसरीला डेसाचं डोकं जड झालं, चौथीला ती त्याच्या गुडघ्यावर गाल टेकून गाढ झोपली.

त्याने घड्याळ पाहिलं. दोन वाजून बावीस मिनिटं. 'भेटीत मूल कंटाळून झोपी गेलं.' असंच लिहिणार. तिला उठवावं का? उठवली तर रडेल, रडली तर तेही लिहितील. त्याची बोटं वेण्या घालत राहिली, पण एक पाय जमिनीवर टकटक आपटत होता. डेसाच्या गालाखालचा गुडघा तेवढा त्याने दगडासारखा स्थिर धरला होता.

तीन वाजले तेव्हा त्याला राहवेना.

"मॅडम, आजवर कधी मागितलं नाही. काय लिहिलंत ते एकदा मला वाचू द्या. शिव्या असल्या तरी चालतील."

बाईचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्हाला पत्र मिळालं नाही का? गेल्या आठवड्यापासून तुमच्या भेटीवर कुणी नजर ठेवत नाही."

"कसलं पत्र?"

"जुन्या पत्त्यावर गेलं असेल."

त्या जुन्या पत्त्यांतला नेमका कुठला, कोण जाणे. लव्हेलने विचारलं, "मग तुम्ही कोण?"

बाईने वही उलटी फिरवून त्याच्या हातात दिली.

पानावर एक वेडंवाकडं डोकं काढलेलं होतं. त्याचे चार भाग, त्यांवर बाण. खाली लिहिलं होतं: आधी पाणी. मग तेल. शेंड्यापासून वर. मुळाशी बोटं. रुंद दातांचा कंगवा, आजच आणायचा.

त्याखाली जागा सोडून, जाड रेघ मारून, दोन ओळी होत्या:

'गुरुवारी जजसाहेबांना सांगायचं. ही पोर चार महिन्यांत माझ्या घरात एकदाही इतकी शांत झोपलेली नाही.'