मुकी बटणं

“व्हिडिओ कॉल नीट दिसावा म्हणून एक सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हापासून कीबोर्डने मान टाकलीय,” मुलगा दुरुस्तीवाल्याला म्हणाला. “ताईने उगीच तुम्हाला धावपळ करायला लावली. मी बघणारच होतो.”

ताई परगावी असते. तिनेच फोन करून दुरुस्तीवाल्याला पाठवलं होतं. अर्धांगवायूने वडिलांची वाचा गेली होती. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतील तेवढंच त्यांचं बोलणं. दर रविवारी लेकीशी गप्पा व्हायच्या त्या याच कॉम्प्युटरवर. गेले दोन रविवार ते पडद्यावरच्या तिच्या चेहऱ्याकडे नुसते बघत बसले होते आणि शेजारी बसून मुलगा सांगत होता, “बाबा मजेत आहेत.”

दुरुस्तीवाल्याने वायर काढून पुन्हा खोचली, मग दुसरीकडे खोचली. पिशवीतला स्वतःचा कीबोर्ड जोडून पाहिला, तोही ढिम्म. मशीन बंद करून चालू केलं, तर सुरुवातीला बटणं छान चालली आणि पडदा पूर्ण उघडताच पुन्हा मुकी झाली. म्हणजे कीबोर्ड बिचारा निर्दोष होता.

त्याने माउसने सॉफ्टवेअरची यादी उघडली. व्हिडिओ कॉलचं होतं ते साधंसुधंच. त्याच दिवशी, दहा मिनिटांनी, आणखी एक टाकलेलं होतं. लहान मुलांनी बटणं बडवू नयेत म्हणून कीबोर्डला कुलूप घालणारं. काढायला गेला, तर ते पासवर्ड मागू लागलं.

“काका, घरात कोणी लहान मूल आहे?” त्याने हळूच विचारलं.

वडिलांनी नकारार्थी मान हलवली.

स्वयंपाकघरात मुलगा चहा करत होता, कपबशा वाजत होत्या. दुरुस्तीवाल्याने घाईघाईने पडद्यावरच अक्षरांची पाटी उघडली, वडिलांचा डावा हात माउसवर ठेवला आणि कुजबुजला, “यातलं एकेक अक्षर दाबा. बोला काका, पटकन.”

माउसचा बाण अक्षरावरून घसरायचा, पुन्हा मागे यायचा. ‘चिमणीला’ एवढं उमटलं.

“चिमणी म्हणजे ताई?”

मान हलली. डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. ‘चिमणीला सांग मला घेऊन ज’

कपबशांचा आवाज केव्हाच थांबला होता. मुलगा ट्रे घेऊन आत आला आणि त्याने पायाने दार लोटून घेतलं. पडद्यावरची ओळ त्याने सावकाश वाचली. रागावला नाही. वडिलांचा हात अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला, माउसची वायर मागून उपटली आणि नीट गुंडाळून खिशात घातली.

“चहा घ्या,” तो दुरुस्तीवाल्याला म्हणाला. “आणि ताईला कळवा, आता माउसही गेला.”