गाळलेलं तेल

ड्रायव्हरने निळ्या कॅनमधलं तेल मळक्या पिवळ्या कॅनमध्ये ओतलं. त्याच्या बापाच्या आठवडाभराच्या मेहनतीवर घटकेत पाणी पडलं. निळा कॅन गाळलेल्या तेलाचा, पिवळा गाळायच्या तेलाचा. बाकी दोन्हींत फरक काही नाही. इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल ते, गाळलं तरी काळंच आणि न गाळलं तरी काळंच.

"हे नाटक कुठवर चालवणार तू?" गॅरेजवाल्या मिस्त्रीने पाना पुसत विचारलं.

"बाबा आहेत तोवर."

मिस्त्री पुन्हा कामाला लागला. नाटकाची कल्पना मुळात त्याचीच होती.

बाप जन्मभर ट्रक चालवत आला. डिझेल परवडेनासं झालं तेव्हा तो गॅरेजा-गॅरेजातून टाकाऊ ऑइल गोळा करू लागला. पिंपात निवळत ठेवायचं, वरचं तेवढं काढून फडक्यातून गाळायचं आणि डिझेलमध्ये मिसळायचं. लोक हसले. मागच्या गाड्यांनी धुरापायी शिव्या घातल्या. पण ट्रक पळाला आणि ट्रकवर घर चाललं. मग त्याला काचबिंदू झाला. आधी रात्रीचं दिसेना, पुढे बाजूचं दिसेना, शेवटी लायसन गेलं. मुलाच्या हातात किल्ली देऊन बाप खोलीत जाऊन बसला तो बसलाच, भिंतीकडे तोंड करून. जेवणाचं ताट गेलं तसं परत यायचं. सून दाराआड उभी राहून डोळे पुसायची. घरात माणूस होता, पण असून नसल्यासारखा.

"बाबा, तेल गाळायला मला वेळच मिळत नाही हो," मुलगा एकदा सहज बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा मागच्या शेडमध्ये हजर! जुन्या चादरी फाडून त्याने फडकी केली. सुनेला हुकूम सोडू लागला, मुलाच्या गाडी चालवण्याला नावं ठेवू लागला. ताट चाटूनपुसून परत येऊ लागलं. घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आणि मग विटांनी भरलेला ट्रक ऐन चढावर गचके खात बंद पडला. तेलात पाणी राहिलं होतं. पिंपात तळाला पाणी कुठे संपतं आणि तेल कुठे सुरू होतं, ते म्हाताऱ्याला दिसलंच नव्हतं. डिझेलचा पंप गेला, नोझल गेले आणि हातातलं कामही गेलं. "पंप जुना झाला होता," असं मुलाने घरी सांगितलं.

"तरीच," बाप म्हणाला, "माझं तेल असं दगा द्यायचं नाही."

यावर कुठल्या तोंडाने खरं सांगणार? त्या दिवसापासून ट्रकला नुसतं डिझेल. पण बापाला तर तेल हवंच होतं, आणि गॅरेजांचं जुनं ऑइल आता एक कारखानेवाला उचलून नेत होता, थेंबही मागे राहत नव्हता. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मग तेच परत घेऊन जा. म्हाताऱ्याला काय दिसतंय?" ऐकून मुलाला राग आला. पण त्याने ऐकलं. तेव्हापासून तेच एक कॅनभर तेल घरातून गॅरेजात आणि गॅरेजातून घरात फिरत होतं. असं वर्ष सरलं.

आजही तो पिवळा कॅन घेऊन घरी आला. बायको दारातच उभी होती.

"बाबा दुपारपासून तुमची वाट बघताहेत," ती हळूच म्हणाली. "चहाला बोलावलं तरी आले नाहीत."

कुणी काही बोललं असेल का? आता म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसणार. या खेपेला बसला तर उठायचा नाही.

बाप शेडमध्ये स्टुलावर बसला होता. मांडीवर आठवडाभर वापरलेलं फडकं पसरलं होतं आणि त्यावरून तो अंगठा फिरवत होता. फडकं काळं झालं होतं, पण त्यावर गाळाचा कणही नव्हता. काळं तेल काळंच राहतं, एवढंच मुलगा धरून चालला होता. गाळ एकदाच निघतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"पंप पाण्यानेच गेला ना रे?" बापाने विचारलं.

मुलाने कॅन खाली ठेवला.

"बाबा, चुकलं माझं. उद्यापासून नाही आणत."

बापाने चाचपडत त्याचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. इतकी वर्षं स्टिअरिंग फिरवलेला तो हात सुटेना. म्हातारा घाबरला होता.

"आणू नकोस असं म्हटलं का मी?"

बापाने घराच्या दिशेने कान दिला, सून जवळपास नाही याची खात्री केली आणि आवाज अगदी खाली आणला.

"सूनबाई रोज येऊन विचारते, बाबा, आज किती गाळ निघाला? मी सांगतो, वाटीभर निघाला, आज जरा जास्तच निघाला. बिचारीला बरं वाटतं. पण तिने कधी दाखवा म्हटलं तर काय दाखवू?" तो थांबला. "येताना तेलात मूठभर माती टाकत जा."