धोका क्रमांक एक

रंजिताच्या पत्राला सुभाषरावांनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. जुईनगरच्या कबड्डी मंडळाची ही नवी कोच. तिने मंडळाचा पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला होता आणि सचिव म्हणून त्यांचं मत मागितलं होतं. सोबत धोक्यांची यादी होती. त्यातला पहिलाच धोका: सगळा कारभार एकट्या सचिवांच्या हाती.

“खुर्ची हवीय तिला,” ते बायकोला म्हणाले.

“त्या खुर्चीचा पाय डुगडुगतोय. कोण घेतंय ती?” वैजयंतीबाई हसल्या.

सुभाषरावांना काही हसू आलं नाही. मंडळातल्या खेळाडू मुलींचे, वयाच्या पुराव्याचे जन्मदाखले होते त्या मंडळाच्या कपाटाला त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली खिशातच बाळगायला लागले. भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले, तेव्हाही ती खिशात होती. मंडपात रंजिताचे चार फोन आले. पत्राच्या उत्तराचा तगादा असणार, म्हणून त्यांनी एकही उचलला नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज वाचला. ‘काका, निवड चाचणी अचानक आजच लागली. दाखले कपाटात राहिले, म्हणून मुलींना मैदानात उतरूच दिलं नाही.’

परत आल्यावर तिच्यासमोर जायचा त्यांना धीर होईना. त्यांनी पाकिटात किल्ली घातली, दोन ओळींची चिठ्ठी घातली आणि पोस्टात नेऊन दिलं.

‘धोका क्रमांक एक बरोबर आहे. ही किल्ली तुझ्याकडेच ठेव आणि मी मागितली तरी देऊ नकोस.’