एक ते पाच

"फक्त 'छान झालंय' म्हण," केनीने फाटकातच फेलिशियाला बजावलं. "मम्मी खूश झाली की आपलं लग्न ठरलंच समज. आणि तिच्या हातचं डुकराच्या मटणाचं सोरपोतेल म्हणजे तिचा जीव की प्राण."

भुईगावच्या त्या घरात सालोमीबाईंचा शब्द शेवटचा. त्या जेवण वाढत होत्या. त्यांचे यजमान थॉमस होणाऱ्या सुनेची चौकशी करत होते. नौदलात हेलिकॉप्टर उडवतेस ते कळलं, पण केनी म्हणतो तू चाचण्या घेतेस, ते म्हणजे काय गं?

"जहाजाच्या डेकवर उतरायचं, अंकल. वारा कधी समोरून, कधी बाजूने, खाली जहाज डुलतंय. दर वेळी उतरलं की आकडा सांगायचा. एक म्हणजे सोपं, पाच म्हणजे अशक्य. त्यावरून ठरतं, कुठल्या वाऱ्यात उतरायचं आणि कुठल्या वाऱ्यात नाही."

"आणि घाम फुटला तरी ऐटीत एक सांगितलं तर?"

"तर उद्या दुसरं कुणी त्याच वाऱ्यात उतरायला जाईल. माझ्या भरवशावर."

सालोमीबाईंच्या हातातला वाढायचा डाव थांबला. "मग बाय, माझ्या सोरपोतेलाला किती?"

केनीने टेबलाखालून पाय मारला. फेलिशियाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे. एक म्हणणं किती सोपं होतं! जीव केनीवर जडलेला, आणि दात मात्र शिरक्याने आंबलेले.

"तीन, आंटी. मटण मऊसूत झालंय, पण शिरका फार पडलाय."

झालं! केनीने कपाळाला हात लावला. सालोमीबाई नवऱ्याकडे वळल्या.

"तुम्ही तर कायम 'बेस्ट' म्हणता. आज खरा आकडा सांगा."

थॉमसनी आधी पाण्याचा घोट घेतला. "लग्न झालं तेव्हा पाच होता. आता तीनवर आलाय."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"डाव तुझ्या हातात होता ना!"

सालोमीबाईंनी हसू दाबून पाहिलं, पण ते फुटलंच. हसता हसताच त्यांनी फेलिशियाला विचारलं, "आणि आमच्या केनीला किती?"

"चार," फेलिशिया म्हणाली. "पण मी उतरणार."

सालोमीबाईंनी तिच्या ताटात आणखी एक पाव ठेवला आणि नवऱ्याला फर्मावलं, "उद्याच फादरकडून तारीख घेऊन या. येताना शिरका आणू नका."