पोवळी लेस

वाढणारीने भाताचं ताट अबिदेमीपुढे धरलं आणि तसंच मागे घेतलं.

तिच्या ॲप्रनला टाचणीने काडेपेटीएवढा कापडाचा तुकडा लावलेला होता. तो तिने अबिदेमीच्या बाहीला लावून बघितला, डोळे बारीक केले, आणि टेबलावरच्या बाकी सगळ्यांना वाढून पुढे निघाली.

"माझं राहिलं," अबिदेमी म्हणाली.

"तुझं कापड आमचं नाही, बाई. बाहेर मांडवात जा. तिकडे कुणालाही देतात."

बालोगुन बाजारात दिवसाउजेडी ऑफिसने ठरवलेलं कापड आणि हे, दोन्ही अगदी जुळ्या बहिणी वाटली होती. तीच पोवळ्याच्या रंगाची जाळीदार लेस, तीच फुलं, त्याच टिकल्या. हॉलच्या पांढऱ्या दिव्यांखाली मात्र तिच्या अंगावरची बहीण सावत्र निघाली. सगळं ऑफिस पोवळी दिसत होतं आणि ती एकटी शिजवलेल्या गाजरासारखी.

ऑफिसात तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी बुकुन्मी तिच्याकडे वळली. "कितीला घेतलंस गं?"

"तुम्ही घेतलं तिथूनच तर..."

"जेवणावर बसून खोटं बोलू नकोस, घास अडकेल. अरेच्चा, तुझ्यापुढे घासच नाही." बुकुन्मीने लेसचं टोक चिमटीत धरलं. "माझ्या मावशीने पडद्यांना घेतलंय हेच. खूप टिकतं म्हणे. उन्हाने विटत नाही."

भाताने भरलेल्या तोंडांनी सगळं टेबल हसलं.

ओशिनोवो मॅडमची पन्नाशी म्हटल्यावर ऑफिसातल्या प्रत्येकीने एकच कापड घालायचं हे ठरलेलंच होतं, आणि ते मॅडमच्या बहिणीकडून घ्यायचं, नव्वद हजार नायरांना. अबिदेमीचा पगार एक लाख तीस. आत्याच्या बैठकीच्या खोलीतली गादी सोडून स्वतःची खोली घ्यायची तर लागोसात घरमालकाला वर्षाचं भाडं एकदम द्यावं लागतं. बावीस हजारांत हुबेहूब कापड मिळालं तेव्हा ती बसमध्ये खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, पण आपल्याला जमतंय की, असं तिला वाटलं होतं. आता उमेदवारीचे सहा महिने संपत आले होते. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मॅडमच्या हातात होतं.

आणि मॅडम टेबलाकडेच येत होत्या. डोक्यावरचा कडक फेटा आधी, मॅडम मागाहून.

त्या वाकल्या. अबिदेमीची बाही दोन बोटांत घेऊन चोळली. टेबलावरचं चघळणं थांबलं.

"छान आहे. कितीला पडलं?"

या वेळी खोटं बोलायची तिची छाती झाली नाही. "बावीस हजार, मॅडम."

"म्हणजे माझी बहीण लोकांना लुटते म्हणायची."

"नाही मॅडम, तसं नाही, मी फक्त..."

"अगं, घाबरतेस काय? मी रागावले का? पैसा जपणारी मुलगी मला आवडते." मॅडमनी तिच्या गालावर हलकेच थोपटलं. "ऊठ. तुझ्याजोगतं काम आहे."

ढोल सुरू झाले. मॅडम हॉलच्या मधोमध नाचायला उतरल्या आणि पाहुणे रांगेने पुढे येऊन त्यांच्यावर नोटा उधळू लागले, कुणी कपाळाला चिकटवून, कुणी खांद्यावरून, एकेक करून, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. खाली पडलेल्या नोटा गोळा करायला दोन बायका भाड्याने आणल्या होत्या. मॅडमनी नाचता नाचताच त्यांना हाताने बाजूला सारलं आणि त्यांच्या हातातली पिशवी अबिदेमीकडे टाकली.

ती आधी वाकून वेचत होती. पण स्कर्ट इतका घट्ट शिवलेला की वाकताना शिवण करकरायला लागली, मग तिने गुडघेच टेकले. उंच टाचांच्या बुटांमधून हात घालायचा, नोट ओढायची, टाच खाली यायच्या आत हात काढायचा. दोनदा जमलं नाही. बुटाच्या मालकिणीने खाली बघितलंही नाही.

बुकुन्मी नाचत नाचत आली. तिने मॅडमवर एक नोट टाकली आणि दुसरी मुद्दाम लांब, खुर्च्यांखाली भिरकावली.

"तिकडे एक राहिली गं, पडदे."

अबिदेमी खुर्च्यांखाली सरपटली. बाहेर आली तेव्हा ऑफिसातले सगळे ओळीने बघत उभे होते, हातात थंड पेयांच्या बाटल्या घेऊन.

ढोल थांबले. मॅडमनी घाम टिपत पिशवी घेतली आणि भाजीवालीसारखी हातात तोलली.

"एवढीच? माझ्या भावाने एकट्यानेच दोन गड्ड्या उधळल्या." त्या हसत होत्या. "काय गं, झडती घेऊ, की विश्वास ठेवू?"

हॉलभर हशा पिकला. मॅडमनी विनोदच केला होता. उत्तर कुणालाच नको होतं.

अबिदेमीने गुडघ्यांवरूनच दोन्ही तळवे उघडून वर धरले. मग बाह्या कोपरांपर्यंत मागे सारल्या. मग पायांतले बूट काढले आणि उलटे करून एकेक झटकून दाखवले.

हसणं जरा उशिराच थांबलं.

"बघा, हिला सांगावं लागत नाही," मॅडम बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या. "सोमवारी केबिनमध्ये ये. तुझ्या कायमच्या पत्रावर सही करते."

"देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, मॅडम," अबिदेमी म्हणाली.

मोठ्या माणसाचे आभार मानताना मुलीने गुडघ्यांवर यायचं असतं. तिला फक्त मान खाली घालावी लागली.