मॅमचं मत

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या लॉ कॉलेजात शिकवणाऱ्या रेमेदियोसबाई नव्या अटक कायद्यावर टीव्हीवर, पेपरात, जमेल तिथे तुटून पडत होत्या. त्याच कायद्याखाली त्यांचा विद्यार्थी अन्सेल्मो पाच महिने खटल्याविना तुरुंगात होता आणि त्याचा दमा बळावत चालला होता.

एका सकाळी त्याची आई पासिंग थेट वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅम, तुम्ही बोललात की ते त्याची औषधं अडवतात. तुरुंगाचा साहेब म्हणतो, मॅमनी कायदा बरोबर आहे म्हटलं, तर पोरगा उद्या घरी."

"अहो ताई, आजवर शिकवलं ते सगळं गिळू?"

"तुमचं मत जाईल, मॅम. माझा पोरगा जातोय."

त्याच दुपारी बाईंनी कॅमेऱ्यासमोर बसून कायद्याचं समर्थन केलं. विद्यार्थ्यांच्या शिव्यांनी फोन भरून गेला. दुसऱ्या दिवशी त्या पासिंगसोबत तुरुंगाच्या फाटकाशी थांबल्या. अधिकारी एकटाच बाहेर आला.

"सुटकेच्या कागदावर सहीच करत नाही तो. म्हणतो, आमच्या मॅम असं बोलणं शक्यच नाही, त्यांना कुठे डांबलंय ते आधी सांगा."



मग तो बाईंकडे वळला, "चला, तुम्हीच आत येऊन सांगा त्याला, मनापासून बोललात म्हणून."